रत्नागिरीच्या पाण्याखाली: ‘रिझर्व्ह लाव’ म्हणजे दांडी वर की खाली?

एक सिलिंडरभर हवेची खरी किंमत काय? तुम्ही म्हणाल, हवेला कसली किंमत! मी हिशेब असा मांडतो. कोल्हापूर ते रत्नागिरी जाऊन-येऊन दोघांचं एसटीचं भाडं. टपावर बांधलेल्या कॉम्प्रेसरचं वेगळं लगेज. स्टँडजवळच्या लॉजची रोजची पंधरा रुपयांची खोली, ज्यात पंखा होता पण त्याचं बटण शेजारच्या खोलीत होतं. तेवढे दिवस दुकानाचं शटर खाली. आणि निघताना बायकोला दिलेला एक शब्द. बाकीचं सगळं वसूल झालं. त्या शब्दाचं मात्र अजून मला नीट सांगता येत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी ही पोस्ट लिहायला बसलोय.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. उद्यमनगरात माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान होतं. मी पंक्चरच्या टपरीवर हातपंप मारत वर आलेला माणूस. शाळा सातवीला सुटली, पण कान पहिल्यापासून तयार. मशीन चालू केलं की नुसत्या आवाजावरून सांगायचो, रिंग गेलीय का व्हॉल्व्ह. एक दिवस दारात टेम्पो थांबला आणि त्यातून एक काळासावळा, ताठ पाठीचा माणूस उतरला. दत्ताराम, रत्नागिरीचा. नौदलात पाणबुड्या होता, पेन्शन घेऊन गावी आलेला. ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेले दोर बुडी मारून कापायचे, हा आता त्याचा धंदा. टेम्पोत त्याचा कॉम्प्रेसर होता. भंगारातून घेतलेला, पण असा की मी आधी कधी बघितला नव्हता.

“किती पौंड मारतो?” मी विचारलं.

“दोन हजाराच्या वर.”

मी हसलो. ट्रकच्या टायरला आम्ही शंभराच्या आसपास घालतो. “दोन हजार पौंड माणसाच्या तोंडात घालणार काय?”

“तोंडात नाय वो शेठ, नळकांड्यात. तोंडाशी येईपर्यंत रेग्युलेटर ती कमी करतो. तुमच्या घरच्या ग्यासला असतो तसला.”

मला निम्मं कळलं. पण मशीन शेवटी मशीन. खोलून बघितलं तर वरच्या टप्प्याच्या व्हॉल्व्हची पट्टी चिरलेली. तसली पट्टी बाजारात मिळेना, म्हणून मीच घासून तयार केली. मशीन परत बसवायला जाणकार माणूस हवा होता. दत्ताराम म्हणाला, “तुमीच या ना लावायला. समुद्र आतून दाखवतो.” माणसं असं बोलून विसरतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून विसरायच्या आत, पुढच्याच आठवड्यात, निघालो.

बरोबर प्रकाश, मंगलचा म्हणजे आमच्या बायकोचा धाकटा भाऊ. साखर कारखान्यात गोडाऊन कीपर. अंगाने काडी, बोलणं मोजकं, विहिरीत मात्र माशासारखा पोहायचा. त्याचं लग्न ठरलं होतं, हळद तीन आठवड्यांवर आलेली, आणि समुद्र त्याने जन्मात बघितला नव्हता. “लग्नाआधी एकदा बघतो, ताई,” एवढंच म्हणाला.

मंगलने भाकऱ्या बांधून दिल्या आणि मला दारातच अडवलं. “अहो, पत्रिका वाटून झाल्यात. जसा नेताय तसा आणायचा.”

“मी आहे की! एवढी वर्षं तालमीत घालवलीयत. श्वास धरायचा तर मी. लिहून ठेव, तिघांत सगळ्यात कमी हवा मला लागणार. माझ्यातली उरलेली ह्याला देईन!”

“शब्द द्या.”

दिला.

पहाटेची गाडी धरा, हे मी आजही सांगेन. मलकापूरला थांबते, तिथे गरम भजी मिळतात. पुढे आंबा घाट सुरू व्हायच्या आत भजी पचलेली बरी. प्रकाशची पचली नाहीत. घाट उतरला की साखरप्याला हवा बदलते, अंगाला चिकटते, आणि गाडीत चढणाऱ्या माणसांचं बोलणंही बदलतं. प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर उचलून ठेवतात, आपल्याला वाटतं काहीतरी विचारतायत. माझ्या बाजूला पालीचा एक म्हातारा बसला होता. त्याने चढताना टपावरचं मशीन बघितलेलं.

“काय हाय ता वरती? चक्की?”

“हवा भरायचं यंत्र.”

“आणि न्हेताय खंय?”

“रत्नागिरीला.”

म्हाताऱ्याने आधी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग पुढच्या बाकावरच्याला म्हणाला, “ऐकलंस? हे आपल्याला हवा द्यायला चाललेत. समुद्राकडची संपली वाटतं.” हातखंबा येईपर्यंत गाडीतली माणसं अधूनमधून माझ्याकडे बघून हसत होती. मीही हसलो. धंद्यात असं हसून घ्यायची सवय लागते.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत दत्तारामने एका ओळखीच्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमधला कोपरा मागून घेतला होता. तिथे मशीन बसवलं, पट्टा ताणला, चालू केलं. आवाज शुद्ध. पण वास? पेट्रोलचं इंजिन धूर सोडत होतं आणि हवा ओढणारं तोंड त्याच्याच पलीकडे हातभरावर. म्हणजे जो धूर टाकतोय तोच आत ओढतोय. मी पाइप आणवला, तोंड छपराच्या वर, वाऱ्याच्या बाजूला काढलं. “ही हवा कुणीतरी पोटात घेणार आहे,” म्हटलं, “टायरला चालतं ते छातीला चालत नाही.” दत्तारामने माझ्या पाठीवर थाप मारली. एवढी एक गोष्ट त्या सबंध सहलीत मला पूर्ण कळली होती. पुढचं सगळं धुक्यात.

दुपारी दत्तारामने आम्हाला सिलिंडर समजावला. खडूने त्याच्यावर आडव्या दोन रेघा मारल्या, तीन भाग केले.

“एक भाग जायला. एक यायला.”

“आणि तिसरा आपला,” प्रकाश म्हणाला.

“तिसरा आपला नायच. तो बरोबरच्याचा. त्याचं काय बिघडलं तर दोघांनी त्यावर वर यायचं. तिसऱ्यात हात घालायचा नाय, मेलास तरी.”

“मेल्यावर कोण हात घालणार?” मी म्हटलं. प्रकाश हसला. दत्ताराम नाही हसला.

मी विचारलं, “पण किती संपली ते खाली कळणार कसं? काटा कुठाय?”

काटा एकच होता, शेडमध्ये, भरताना बघायचा. पाण्यात घेऊन जायचा काटा तेव्हाही कुठे कुठे मिळत असे म्हणे, पण दत्तारामकडे नव्हता. त्याऐवजी त्या जुन्या सिलिंडरांना एक युक्ती होती. मानेजवळ एक खटका आणि त्याला जोडलेली लांब सळई, म्हणजे दांडी, पाठीवरून कमरेपर्यंत येणारी. खटक्याच्या आत स्प्रिंग. हवा संपत आली की स्प्रिंग ती अडवते आणि श्वास ओढायला जड जातो. मग सळई ओढायची, की राखून ठेवलेली थोडी हवा सुटते. त्यावर गुपचूप वर यायचं. हाच रिझर्व्ह.

“हात्तिच्या! स्कूटरसारखं की!” मी म्हणालो. “गाडीने आचके दिले की कॉक फिरवायचा.”

“तसंच.”

“म्हणजे दांडी खाली.”

“खाली ओढायची. जड लागल्यावर.”

“आणि आत्ता खालीच दिसतीय ती?”

“भरताना खाली ठेवायला लागते शेठ, नायतर आत राखीव भरणार कशी?”

मी मान डोलावली. प्रकाशनेही डोलावली. नंतर विचार करतो तेव्हा वाटतं, दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींना डोलावली.

दत्तारामच्या स्वतःच्या संचाला मात्र एक जास्तीची नळी होती. एकाच सिलिंडरमधून निघालेलं दुसरं तोंड, छातीवर लोंबणारं. नौदलातल्या दोस्ताने कुठूनसं मिळवून दिलेलं. “हे तुमच्यासाठी. कुणाची संपली तर माझ्याकडे यायचं, हे तोंडात घालायचं.” तसलं आम्हालाही का नाही, हे मी विचारलं. तो म्हणाला, “पुढच्या खेपेला.” रत्नागिरीत पुढच्या पाच-सात वर्षांत पुण्या-मुंबईचे लोक मासे बघायला पाण्यात उतरतील आणि आपण त्यांना उतरवू, हे त्याचं स्वप्न होतं. आम्ही दोघं त्याचे पहिले पर्यटक. फुकटातले.

दुसरा दिवस त्याच्या वाडीतल्या बावीत गेला. बाव म्हणजे विहीर, जांभ्या दगडात खोल कोरलेली, कडेला शेवाळं. इथे आम्हाला श्वास घ्यायला शिकवलं गेलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं? मीही तेच म्हणालो आणि पहिल्या फटक्याला नाकातून पाणी ओढलं. नियम दोन. एक, वर येताना श्वास कोंडायचा नाही, खालची हवा वर फुगते आणि छाती फाडते. आता माझी सगळी बढाई श्वास कोंडण्याचीच, म्हणजे तालमीतली वर्षं इथे उपयोगाची नाहीत, उलट धोक्याची. दोन, खुणा. अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नाही, अंगठा वर म्हणजे ‘वर चल’. झकास म्हणायचं तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. आमच्याकडे तो गोल पैशाला लावतात. गळ्यावर आडवा हात फिरवला तर हवा संपली.

बावीच्या काठावर दत्ताराम बसून बुडबुडे बघत होता. मी वर आल्यावर म्हणाला, “शेठ, तुमी श्वास घेताय का कॉम्प्रेसर चालवताय?”

मला वाटलं, माझ्या फुप्फुसांचं कौतुक करतोय.

त्या रात्री दत्तारामच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, वर सोलकढी. असल्या जेवणासाठी कुणीही घाट उतरावा. खानावळीत जेवणार असाल तर दुपारी लवकर जा, चांगला मासा आधी संपतो. प्रकाशने माझ्या कानाशी लागून विचारलं, “दाजी, ती सळई वर ठेवायची का खाली?” मी म्हणालो, “आपण विचारू उद्या.” आणि काट्यांकडे लक्ष दिलं.

सकाळी मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून निघालो. होडीचा मालक, ज्याला सगळे नुसतंच नाखवा म्हणत, आमच्याकडे बघतच राहिला. पाठीवर सिलिंडर, पायात बदकासारखे पंखे, कमरेला शिशाचे तुकडे. “ह्यांना मासळीनं जाळ्यात पकडलं तर?” त्याने दत्तारामला विचारलं. इंजिनाचा धडधडाट इतका, की बाकीचं बोलणं ओरडून होत होतं. बंदराबाहेर, किल्ल्याच्या कड्यापासून जरा लांब, पाण्यातल्या खडकांजवळ नांगर टाकला. थंडीचे दिवस, वारा पडलेला, पाणी हिरवट पण बऱ्यापैकी साफ. खोली घराच्या दोन मजल्यांएवढी, दत्तारामने दोर सोडून मोजली. खाली एक जुना लोखंडी नांगर खडकात रुतलेला आहे, त्याच्याभोवती मासे जमतात, तो बघायचा आणि यायचं.

दत्ताराम होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून ओरडला, “रिझर्व्ह लावा रे दोघांनी! एकमेकांचा बगा!”

सळई पाठीमागे, स्वतःची दिसत नाही, म्हणून एकमेकांचा. मी प्रकाशच्या पाठीमागे गेलो. दांडी खाली होती, भरताना ठेवलेली, तशीच. मी विचार केला, खाली म्हणजे रिझर्व्ह लागलेला आहे, चालू आहे, आपलं काम झालेलं आहे. त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग तो माझ्या पाठीमागे आला. काहीतरी खटकन वाजलं. इंजिनाच्या आवाजातही ते मला ऐकू आलं, पण मी समजलो, हलवून बघत असेल.

“लावला?” दत्ताराम ओरडला.

“लावला!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

पाण्याखाली शांतता असते असं लोक लिहितात. मी तरी ऐकली नाही. माझ्या डोक्यात एक जुना, रिंगा झिजलेला कॉम्प्रेसर चालला होता आणि तो मीच होतो. ओढला की खर्रर्र, सोडला की गडगड. पुढे दत्ताराम, मध्ये प्रकाश, मागे मी, नांगराच्या दोराला धरून उतरलो. खडक आले. खडकांवर काळसर गवत एका बाजूला झुकायचं, मग दुसऱ्या. पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे आमच्या तोंडासमोर थांबून बघत होते, नाखव्याने बघितलं तसेच. नांगर दिसला. त्याच्या एका वाकड्या टोकाखाली एवढा थोरला, तपकिरी मासा अंग चोरून उभा. प्रकाश त्याच्यासमोर जाऊन असा स्थिर तरंगला, जणू गोडाऊनच्या दारात उभा आहे. त्याचे बुडबुडे मधूनच, सावकाश वर जात. मला वाटलं, हा श्वास घ्यायचं विसरला की काय.

मी इकडे जा, तिकडे जा, हे दाखव, ते दाखव, असं चाललेलं. आणि मग खर्रर्रचा आवाज बदलला. कानाला आधी कळलं, छातीला नंतर. ओढतोय, पण येत नाही. उसाच्या चिपाडातून रस ओढावा तसं.

बरं, घाबरायचं काय, रिझर्व्ह आहे की. पण माझ्या समजुतीप्रमाणे माझी दांडी आधीच खाली होती, चालू. मग जड का लागावं? मी मागे हात नेला. सळईचं टोक हाताला लागलं ते वरच्या बाजूला. ओढलं. खटक. हवा आली, सरसरून, गार.

म्हणजे प्रकाशने माझी दांडी वर केली होती. आणि वर होती म्हणून मला आत्ता हवा मिळाली. म्हणजे वर हेच बरोबर. म्हणजे खाली...

मी समोर बघितलं. प्रकाशच्या कमरेजवळ त्याची सळई. खाली. मी थोपटून ‘झालं’ म्हटलं होतं ती. त्याला जड लागणारच नव्हतं. त्याची स्प्रिंग काहीच अडवणार नव्हती. हवा शेवटपर्यंत सुरळीत येणार आणि एका श्वासाला बंद होणार, त्याला काही कळायच्या आत. मला पत्रिका आठवली. पिवळ्या कागदावर लाल छापलेली.

नियमाप्रमाणे मी त्याच क्षणी वर जायला हवं होतं. राखीव हवा असतेच तेवढ्यासाठी. पण मी वर जाऊन काय सांगणार होतो आणि कुणाला? मी पाय मारत त्याच्याकडे निघालो. आता तो आणि दत्ताराम दोघंही नांगराच्या पलीकडे, खडकाच्या कडेने पुढे गेलेले. पाय मारले तसा श्वास वाढला, श्वास वाढला तसा जीव घाबरला.

त्याचा पंखा पकडला. तो वळला. मी अंगठा वर केला. वर चल! प्रकाशने आनंदाने अंगठा वर केला. झकास! मी नाही नाही म्हणून मुंडी हलवली. त्याच्या सळईकडे बोट दाखवलं आणि हाताने खाली ओढल्यासारखं केलं, की तुझी खाली आहे, खाली! त्याने मान डोलावली आणि आणखी खाली गेला. मी परत धरला. पुन्हा अंगठा, पुन्हा दांडी, पुन्हा मुंडी. काचेच्या आत त्याचे डोळे, त्यांत नुसतं नवल. दाजींना काय झालं?

आणि तेवढ्यात माझी हवा संपली. या वेळी जड वगैरे काही नाही. ओढलं, नाही.

गळ्यावर आडवा हात मी कधी फिरवला ते मला आठवत नाही. प्रकाशला मात्र ती खूण पक्की आठवत होती. त्याने माझ्या खांद्याचा पट्टा धरला, मला जवळ ओढलं, स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. दोन श्वास मला, दोन त्याला. बावीत शिकवलं होतं तसं, आणि बावीत मी त्या प्रकाराला हसलो होतो. मी दोनाचे चार घेतले. त्याने ओढून घेतला, परत दिला. मला एकच दिसत होतं, त्याची सळई खाली आहे, ह्याच्यातही काही उरलेलं नसणार, आता दोघांचं एकदम संपणार. तेवढ्यात बाजूने दत्तारामचा हात आला आणि ते छातीवर लोंबणारं जास्तीचं तोंड माझ्या तोंडात गेलं. सावकाश, बुडबुडे सोडत, तिघं एकमेकांना धरून वर आलो.

नाखव्याने मला पोत्यासारखं आत घेतलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे यापुढचं भांडण स्वच्छ ऐकू आलं.

“मी काय सांगितलं होतं?” दत्ताराम माझ्यावर ओरडला. “रिझर्व्ह लाव म्हटलं ना?”

“लावलेलाच होता ह्याचा! खाली!”

“खाली म्हणजे सोडलेला, मेल्या! लाव म्हणजे वर! बंद!”

“लाव म्हणजे बंद? पंखा लाव म्हटलं तर पंखा बंद करतोस काय? दिवा लाव, रेडिओ लाव, कॉम्प्रेसर लाव! माझ्या दुकानात जे जे लावतात ते चालू होतं.”

प्रकाश दातावर दात वाजवत म्हणाला, “पण दाजी, दार लाव म्हणजे बंदच की. कुलूप लाव. झाकण लाव. शटर लाव. मी दिवसभर गोडाऊनात दुसरं काय करतो? म्हणून तुमची वर केली.”

दत्ताराम त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. नौदलात हुकूम इंग्रजीत असायचे. गावी येऊन मराठीत उतरवणार तो पहिलाच, आणि उतरवलेला शब्द दोन बाजूंनी उघडणारा निघाला.

नाखव्याने बिडी पेटवली. “मी म्हटलं,” तो शांतपणे बोलला, “हा सारखा लाव लाव काय करतोय. आमच्यात होडी लाव म्हणजे किनाऱ्याक न्हे. मग लावू काय आता?”

“लाव,” दत्ताराम म्हणाला.

परतीच्या प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. दुपारची गाडी होती. मी स्टँडजवळ मंगलसाठी आंबापोळी आणि कोकमं घेत होतो, तेवढ्यात प्रकाश दत्तारामबरोबर मिरजोळ्याला सिलिंडर ठेवायला जाऊन आला. मलकापूरला त्याने भजी खाल्ली, पचली. मी मनात पुन्हा पुन्हा दांडी वर करत होतो, खाली करत होतो, आणि दर वेळी आधी कोणती बरोबर ठरली होती ते विसरत होतो.

तुमच्यापैकी ज्यांना आता कोकणात असं पाण्यात उतरायचं आहे, त्यांना सांगतो. मधल्या काळात सगळं बदललंय. काटा आता प्रत्येकाच्या हाताशी असतो, जास्तीचं तोंड प्रत्येकाला असतं, खोल जाणारे तर वेगळा छोटा सिलिंडरही नेतात. तसल्या सळया तर गेल्याच. तरी उतरायच्या आधी बरोबरच्याला विचारा, आणि ‘लावलं का?’ असं विचारू नका. ‘उघडलं का?’ विचारा, ‘किती आहे?’ विचारा, काटा आपल्या डोळ्यांनी बघा. आणि तिसरा हिस्सा बरोबरच्याचा, हे खडूने कुठेतरी लिहून ठेवा. दत्तारामने पुढे सळया बदलून काटे बसवले. पाणी दाखवण्याचं त्याचं स्वप्न त्याच्या अंदाजापेक्षा बरंच उशिरा, पण त्याच किनाऱ्यावर खरं झालेलं मी बघितलंय.

घरी पोचलो तेव्हा मंगलने आधी भावाला खालून वर बघितलं. मग वाढायला घेतलं. मी पहिल्या घासापासून सुरू केलं. हा कसा बेसावध, त्याचा रिझर्व्ह कसा गेलेला, माझ्याकडे कशी मोजकी हवा राहिलेली आणि तरी मी वर न जाता, जिवाची पर्वा न करता, ह्याच्यामागे कसा गेलो. मंगलचा हात वाढता वाढता थांबला. डोळे भरले. तिने मला आणखी एक भाकरी वाढली.

“दाजी खरंच मागनं आले,” प्रकाश म्हणाला. तो खोटं कधी बोलत नाही. “नसते आले तर मला कळलंच नसतं.”

“म्हणजे ह्याची संपतच आली असणार, नाही हो?” मंगलने विचारलं.

“संपतच! अजून दोन-चार श्वास!” मी म्हणालो. माझा तसाच समज होता. खरं सांगतो, तोपर्यंत तसाच होता.

मंगल प्रकाशकडे वळली. “नंतर काटा लावून बघितला की नाही रे?”

‘लावून’ म्हटल्याबरोबर माझा घास हातातच राहिला. अजूनही राहतो. घरात कुणी ‘दार लाव’ म्हटलं तरी मी क्षणभर थांबून विचार करतो, नक्की कसं?

“बघितला, ताई. शेडात. दाजी तेव्हा आंबापोळी घेत होते.” प्रकाश ताटात बघत होता, लग्नाला टेकलेल्या मुलासारखा लाजून. “त्यांनी माझ्यातली ओढली ती धरूनसुद्धा माझा निम्म्याच्या वर भरलेला होता. दाजींचा शून्य.”